आगोटीची बेगमी आणि भाजीतले पाणी

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले दोन तालुके भातासाठी ओळखले जातात, पण फेब्रुवारी ते मे या काळात तिथल्या पाण्याजवळच्या शेतांचे रूप वेगळे असते. भातसा धरणाच्या कालव्याखालची गावे, काळू आणि शाई नद्यांच्या काठचे तुकडे, विहिरीच्या पाण्यावर जगणारी परसबाग, सगळीकडे भेंडी, गवार, कारली, काकडी, वांगी, मिरची उभी असते. इथली भेंडी परदेशातही जाते. पण भेंडीचा तोडा रोज किंवा एका दिवसाआड करावाच लागतो. एक दिवस चुकला तर शेंग जून होते आणि व्यापारी ती घेत नाही. वाकडी, लांबलेली, डागाळलेली शेंग मागे राहते. सगळ्यांचा माल एकाच वेळी कल्याण-वाशीच्या बाजारात पोचला की भाव कोसळतो, आणि तोडणीची मजुरीसुद्धा सुटत नाही. घरच्या चार वाफ्यांतही हेच होते, एका आठवड्यात खाऊन संपणार नाही एवढी भाजी एकदम येते. मग ती टिकवायची कशी, हा प्रश्न येतो. लेखाचे म्हणणे एवढेच, की भाजी टिकवण्याची रीत पाककृतीच्या पुस्तकातून किंवा मोबाइलवरच्या व्हिडिओतून उचलू नये. त्या भाजीत पाणी किती, आंबटपणा किती, आणि ती ज्या गावात ठेवायची तिथला पावसाळा कसा, या तीन गोष्टींवरून ती ठरवावी. या कसोटीला आपली बरीचशी वाळवणे आणि लोणची उतरतात. काही नव्या रीती उतरत नाहीत, आणि आपल्याही काही सवयी उतरत नाहीत.

भाजी नासते म्हणजे जिवाणू, यीस्ट आणि बुरशी तिच्यावर वाढतात. त्यांना वाढायला पाणी लागते, पण सगळे पाणी त्यांच्या उपयोगाचे नसते. मीठ, साखर किंवा भाजीतले पिष्ट यांनी धरून ठेवलेले पाणी त्यांना ओढून घेता येत नाही. उरलेले मोकळे पाणी मोजायला अन्नशास्त्रात ० ते १ अशी पट्टी आहे, तिला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाणी १, ताजी भाजी ०.९८ च्या आसपास. हा आकडा ०.९१ च्या खाली गेला की अन्न नासवणारे बहुतेक जिवाणू थांबतात. ०.८० च्या खाली बहुतेक बुरश्या थांबतात आणि ०.६० च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. दुसरी पट्टी आंबटपणाची, म्हणजे पीएचची. तिच्यावर ४.६ ही रेघ लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण त्याहून आंबट पदार्थात बॉट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा घडवणारे विष तयार करणारा जिवाणू वाढू शकत नाही. वाळवण, मुरवण, मुरांबा, खारवलेली मासळी, पापड या सगळ्या रीती या दोन पट्ट्यांवर कुठेतरी बसतात.

वाळवणापासून सुरुवात करू, कारण या भागातली ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाची रीत आहे. भेंडीत सुमारे ९० टक्के पाणी असते. म्हणजे एक किलो भेंडीत घन भाग शंभर ग्रॅम. ओलावा दहा टक्क्यांवर येईपर्यंत वाळवली तर हाती सुमारे ११० ग्रॅम येते. गवारीत पाणी त्याहून कमी, म्हणून गवारीचा उतारा चांगला पडतो. कारल्याच्या काचऱ्या आणि मिरची यांचा हिशोब भेंडीच्या जवळपास जातो. काकडीत मात्र ९५-९६ टक्के पाणी. किलोभर काकडी वाळवून चाळीस-पन्नास ग्रॅम चिवट साल उरेल, आणि तेवढ्यासाठी तीन-चार दिवसांचे ऊन आणि राखण खर्ची पडेल. काकडी नुसती वाळवू नये. कोहळ्याचेही तसेच, पण त्यावर आपल्याकडे फार हुशारीचा तोडगा आहे. कोहळा किसून, पिळून, त्याचा कीस वाटलेल्या उडदाच्या डाळीत कालवतात आणि सांडगे घालतात. डाळ उरलेले पाणी धरून ठेवते, सांडग्याला अंग देते, आणि वाळल्यावर जे हाती येते त्यात घन भाग भरपूर असतो. पाणचट भाजी टिकवायची तर तिला कोरड्या सोबत्याची गरज असते, हे या सांडग्यांच्या रीतीत आधीच ओळखलेले आहे. काकडी जास्त झाली तर तिलाही हीच वाट दाखवावी.

वाळवताना एक पायरी हल्ली गाळली जाते, ती म्हणजे आधी उकळत्या पाण्यातून काढणे. गवारीच्या शेंगा उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून मग उन्हात टाकण्याची जुनी पद्धत होती. त्या उष्णतेने भाजीतली विकरे निकामी होतात. ती जिवंत राहिली तर वाळलेली भाजीसुद्धा डब्यात हळूहळू काळी पडते आणि तिला गवतासारखा वास येतो. भेंडीला ही पायरी नको, बुळबुळीतपणा वाढतो; तिच्या चकत्या थेट कडक उन्हात टाकाव्यात. पालेभाजीला ऊन नको, सावलीतला वारा पुरे, कारण थेट उन्हात तिचा रंग उडतो आणि त्यासोबत कॅरोटिनही जाते. मिरचीबाबत मात्र सक्त राहिले पाहिजे. अर्धवट वाळलेल्या मिरचीचा ढीग रात्रभर तसाच राहिला तर आत ऊब आणि ओल साठते आणि ॲस्परजिलस जातीची बुरशी धरते. तिच्यापासून होणारे अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते, आणि ते भाजून किंवा तळून पूर्णपणे जात नाही. बुरशी पुसून मिरची वापरायची सवय कितीही जुनी असली तरी ती सोडलीच पाहिजे. वाळवण जमिनीवर पसरू नये, बाजेवर किंवा मांडवावर, वर पातळ फडके टाकून ठेवावे, म्हणजे खालूनही वारा लागतो आणि माशी, धूळ दूर राहते. संध्याकाळी ते घरात घ्यावेच, नाहीतर दिवसा गेलेले पाणी पहाटेच्या दवाने परत येते.

दिवसही मोजके असतात. मार्च आणि एप्रिलमध्ये इथे पारा चाळिशीला टेकतो आणि समुद्रापासून आत असल्याने दुपारची हवा किनाऱ्यापेक्षा कोरडी असते. मे उलटू लागला की आभाळ येते, वळीव पडतो, घाम वाळेनासा होतो. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची, तयारी मेअखेर उरकायची असा प्रघात असला, तरी वाळवणाचे खरे दिवस मेच्या मध्यापर्यंतच असतात. त्यानंतर घातलेले सांडगे वरून कोरडे दिसतात आणि आत ओले राहतात.

वाळवून झाले म्हणजे काम संपले, असे समजणे ही या भागातली सर्वांत महाग चूक आहे. शहापूर-मुरबाडात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८५-९० टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत उघडी राहिलेली कोणतीही कोरडी वस्तू पाणी ओढून घेते आणि शेवटी हवेइतकी ओली होते. म्हणजे मोकळ्या पाण्याच्या पट्टीवर ती पुन्हा ०.८५ च्या वर चढते, बुरशीच्या राज्यात. मिठाचे तर ठरलेलेच आहे. आर्द्रता ७५ टक्क्यांपुढे गेली की मीठ हवेतले पाणी शोषून स्वतःच विरघळू लागते. म्हणून खारवलेली मिरची आणि खारट सांडगे बिनमिठाच्या वाळवणापेक्षा लवकर सर्द होतात. पूर्वी वाळवणाची मडकी, बियाणे, सुकट चुलीच्या वरच्या माळ्यावर किंवा शिंक्यावर असत. रोजची ऊब आणि धूर त्यांना कोरडे ठेवी. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि गॅस घराघरांत गेला. बायकांच्या डोळ्यांचे आणि फुप्फुसांचे हाल कमी झाले ही फार मोठी गोष्ट झाली, पण माळ्यावरची ती ऊब गेली. तिची जागा घट्ट झाकणाच्या डब्याने घ्यायला हवी. वाळवण दुपारच्या उन्हात एकदा कडक तापवावे, गार होताच लगेच डबाबंद करावे, आणि एका मोठ्या डब्याऐवजी लहान लहान डबे भरावेत, म्हणजे एक उघडला तरी बाकीचे सुरक्षित राहतात.

आता लोणचे. रायवळ आंब्याची कैरी आगोटीच्या लोणच्याला उत्तम, कारण ती करकरीत आणि फार आंबट असते. एक किलो फोडींना साधारण १८० ग्रॅम मीठ घातले असे धरू. फोडींतल्या सुमारे ८७० ग्रॅम पाण्यात ते मीठ विरघळले की खाराचे प्रमाण १७ टक्क्यांच्या घरात जाते आणि मोकळे पाणी ०.८७ च्या आसपास उतरते. बहुतेक जिवाणूंचा प्रश्न तिथेच मिटला. कैरीच्या स्वतःच्या आम्लाने पीएच ४.६ च्या बराच खाली असतो, म्हणजे विषाचीही भीती नाही. उरतात यीस्ट आणि बुरशी, ज्यांना आंबटपणाही चालतो आणि थोडे मीठही. त्यांच्यासाठी मोहरी आणि तेल. मोहरीचा दाणा अख्खा असताना निरुपद्रवी असतो. तो वाटून पाणी लागले की आतले विकर कामाला लागते आणि नाकात झिणझिणणारे, सूक्ष्मजीवांना मारक असे द्रव्य तयार होते. मोहरी फेसतात ती यासाठीच. हेच विकर तापवल्याने मरते, म्हणून फोडणीत तडतडलेल्या मोहरीला वास असतो पण राखण करण्याची ताकद नसते. लोणच्यात कच्ची मोहरीची डाळ पडलीच पाहिजे. वरून घातलेले तेल हवा अडवते, आणि हवेशिवाय बुरशीला जगता येत नाही. तेल फोडींच्या वर बोटभर तरंगले पाहिजे, आणि ते पूर्ण गार करून घातले पाहिजे, नाहीतर वाफेचे थेंब बरणीत पडून वरच्या थरातला खार पातळ होतो. बरणीच्या तोंडाला दादरा बांधणे, कोरडा चमचा वापरणे, अख्खी बरणी रोज न उघडता आठवड्यापुरते लोणचे लहान बरणीत काढणे, हे सगळे त्याच हिशोबातले आहे. मीठ, आम्ल, मोहरी आणि तेल मिळून हे काम करतात. यांतला एकच मनाला येईल तसा कमी केला तर उरलेले तिघे ते पेलतीलच असे नाही.

म्हणूनच कैरीचा मसाला कोणत्याही भाजीला लावून बरणी भरणे धोक्याचे आहे. गवार, भेंडी, गाजर, फ्लॉवर, लसूण यांत स्वतःचे आम्ल जवळजवळ नसते. तेल हवा अडवते, आणि बॉट्युलिझमच्या जिवाणूला हवा नसलेलीच जागा लागते. आंबटपणाशिवाय तेलात बुडवलेला लसूण त्याला सोयीचा ठरतो. अशा भाज्यांना लिंबाचा रस, चिंच, कैरीच्या फोडी किंवा व्हिनेगर भरपूर लागते, किंवा त्या आधी मिठाच्या पाण्यात आंबवाव्या लागतात, म्हणजे लॅक्टिक आम्ल तयार होते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार विक्रीच्या लोणच्यात, ते खारातले असेल तर मीठ किमान १२ टक्के आणि व्हिनेगरमधले असेल तर आम्लता किमान २ टक्के लागते. बाजारातल्या साध्या व्हिनेगरमध्ये आम्ल चार टक्क्यांच्या आसपास असते. त्यात निम्मे पाणी घातले तर दोन टक्के उरले, आणि भाजीतले पाणी त्यात उतरले की आणखी कमी झाले. व्हिनेगर पाणी न घालताच वापरावे.

याहून मोठा धोका काचेच्या बाटलीत उकडलेली भाजी भरण्याचा आहे. ही रीत युरोपातली. फ्रान्सच्या निकोला ॲपर्टने १८१० साली ती पुस्तकात मांडली, आणि ती का चालते हे अर्धशतकाने पाश्चरने दाखवले. आंबट फळांना ती उत्तम लागू पडते. पण भेंडी, गवार, वाल यांसारख्या भाज्यांत बॉट्युलिझमचे बीजाणू १०० अंशांच्या उकळीत तासन्‌तास तग धरतात. ते मारायला दाबाखालची १२१ अंशांची उष्णता ठरावीक वेळ बाटलीच्या मध्यापर्यंत पोचावी लागते. घरचा शिट्टीचा कुकर त्यासाठी तपासलेला नाही. शिट्टी झाली की दाब घटतो, आणि बाटलीच्या मध्यावर किती उष्णता पोचली हे कळायला मार्ग नसतो. परदेशातल्या स्वयंपाकघरातली सुंदर बाटल्यांची रांग पाहून ती उचलण्याचा मोह होतो, पण आपल्या एप्रिलच्या उन्हात जी भाजी फुकट आणि निर्धोक टिकते तिच्यासाठी हा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

हल्ली घराघरांत ओव्हन आले आहेत आणि जास्तीची काकडी, दुधी, गाजर केकमध्ये घालण्याची टूम आहे. दक्षिण कोकणात आणि गोव्यात पिकल्या तवशाचे धोंडस फार पूर्वीपासून करतात. तांदळाचा रवा, गूळ, काकडीचा कीस, आणि जाड भांड्याच्या खाली-वर निखारे. पदार्थ अप्रतिम आहे, पण भाजणे म्हणजे टिकवणे असा समज करून घेऊ नये. भट्टी १८० अंशांवर असली तरी ओल्या पिठाच्या आत तापमान शंभराच्या पुढे जात नाही, आणि आत पाणी उरतेच. गुळाने थोडी मदत होते, तरी मेच्या उकाड्यात असा केक दोन-तीन दिवसांत खाऊन टाकावा. जे टिकते ते पुन्हा वाळवलेले: चहासोबतचे टोस्ट म्हणजे एकदा भाजलेला पाव कापून दुसऱ्यांदा भाजून कोरडा केलेला, म्हणून तो महिनोन्‌महिने राहतो. काकडी संपवायला भट्टी चांगली आहे, साठवायला नाही.

या सगळ्यावर आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. पहिला असा की भाजी आता बारा महिने मिळते, फ्रीज आहे, मग एवढा खटाटोप का? मिळते हे खरे, पण जून-जुलैत नाशिक-पुण्याहून येणारी भाजी महाग असते, वादळात वीज जाते, आणि दूरच्या पाड्यांचा रस्ता ओढ्यांना पूर आला की तुटतो. याच दोन महिन्यांत मासेमारी बंद असते, म्हणून सुकट-बोंबील घरात लागतात. आंबोशी, म्हणजे वाळवलेली कैरी, घातलेली सुकटाची आमटी म्हणजे दोन वाळवणांचे एक जेवण. दुसरा आक्षेप पोषणाचा. उन्हात क जीवनसत्त्व बहुतांशी नष्ट होते, यात वाद नाही. चोथा, खनिजे आणि प्रथिने राहतात. पण सुकवलेली भाजी ही ताज्या भाजीची जागा घेणारी वस्तू मानू नये, आणि इथे ती वेळही येत नाही. पाऊस स्थिरावला की रानात शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी उगवतात, आणि ठाकूर, कातकरी, वारली बायका त्या बाजारात आणतात. बेगमी भरून काढते ती मधली तुटीची फट, आणि तेवढ्यापुरतीच ती करावी. तिसरा आक्षेप मिठाचा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते. वरच्या हिशोबाचे दहा ग्रॅम लोणचे म्हणजे एक ग्रॅमहून थोडे जास्त मीठ, दिवसाच्या मर्यादेचा पाचवा हिस्सा. रक्तदाब असलेल्याने हे मोजलेच पाहिजे. पण त्यासाठी बरणीतले मीठ कमी करणे हा उपाय चुकीचा आहे, कारण ते मीठच बरणी राखते. ताटातले लोणचे कमी करावे. आणि बिनमिठाची वाळलेली गवार, भेंडी, आंबोशी सगळ्यांनाच चालते.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. हे सगळे काम बायकांनी, ऐन उन्हात, शेतातून आणि पाण्याच्या खेपांतून उरलेल्या वेळात केले आहे, आणि त्याची मजुरी कोणी धरलेली नाही. परंपरेचे गोडवे गाताना हे विसरणे अन्यायाचे आहे. पण उत्तर हे काम बंद करण्यात नाही. ते वाटून घेण्यात आणि त्याचे दाम करण्यात आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभे राहिले. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची आणि बचत गटाच्या सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद ठेवली गेली. सामाईक सौर वाळवणयंत्र, म्हणजे काचेखालची बंद जाळी, एका गटाला परवडते. त्यात धूळ-माशी येत नाही, मेअखेरच्या ढगाळ दिवसांतही काम पुढे सरकते, आणि बाईला दिवसभर कावळे हाकत बसावे लागत नाही. बाजारात परत केलेली वाकडी भेंडी वाळवणात मात्र सरळ भेंडीइतकीच चांगली असते.

शेवटी पुन्हा पाण्याकडे यावे लागते. मुंबईला पाणी देणारे तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले, मोडकसागर नंतर झाले, आणि आज मुंबईच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा भातसातून जातो. ही तिन्ही शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतात. जिथे हंडाभर पाण्यासाठी कोसभर चालावे लागते, तिथे त्याच पाण्यावर वाढलेली भाजी भाव पडला म्हणून बांधावर फेकावी लागणे, याची खंत शेतकऱ्यापुरती राहता कामा नये. ग्रामपंचायतींनी आणि बचत गटांनी पुढच्या मार्चआधी गावात एक तरी वाळवणयंत्र उभे करावे. ज्यांच्या घरी यंदाच्या बरण्या भरून झाल्या आहेत त्यांनी प्रत्येकीवर तारीख लिहावी. पहिल्या पावसानंतर डबे एकदा उघडून हाताने पाहावेत. गवार काडकन मोडायला हवी, भेंडीची चकती वाकायला नको. सर्द झालेले त्याच दिवशी तव्यावर मंद आचेवर कोरडे करावे. आणि कोणत्याही बरणीचे झाकण फुगलेले दिसले किंवा आतला खार फेसाळला, तर चव घेऊन खात्री करू नका. बॉट्युलिझमच्या विषाला वास असेलच असे नाही. ती बरणी सरळ पुरून टाका.